काचेतलं तेल

कमळूच्या होडीचा ट्रेलर मी बनवला, हे मी हल्ली कोणाला सांगत नाही.

शहापूरला माझं वेल्डिंगचं दुकान. अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या एका संस्थेने डोळखांबकडच्या पाड्यांसाठी इंजिनाची होडी दिली. पावसाळ्यात धरणापलीकडचं आजारी माणूस तिच्यातूनच दवाखान्यात यायचं. पण धरणं दोन आणि होडी एक, म्हणून ती जीपमागे ओढून न्यायला ट्रेलर हवा होता. चालवणारा कमळू, उभा जन्म बैलगाडीवर गेलेला, जीप नुकती शिकलेला.

चाकांच्या हबमध्ये, म्हणजे बेअरिंग बसतं त्या मधल्या तुंब्यात, ग्रीस भरायचं की तेल, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तेलाच्या हबला बाहेरून काचेचं झाकण असतं. आत पाणी शिरलं की तेल दुधाळ होतं, ते लगेच दिसतं.

"काचेचा बसव ना बाळारामदादा," कमळू म्हणाला. "आत काय चाललंय त मला दिसंल."

"दिसून तू काय करनार? डॉक्टर हायेस?" मी त्याला उडवून लावलं. तीस वर्षं ग्रीस भरत आलेला मी, मला कोण शिकवणार? तेल गळतं, ग्रीस जागेवर राहतं, असं चारचौघांत ठणकावून सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पण हा चाकं कशी वागवतो, ते मी विचारलंच नाही.

गाडीवानाची सवय ती. घाट उतरला की गाडी पाण्यात उभी करायची. लाकूड फुगतं, चाकाची लोखंडी धाव घट्ट बसते. कमळूने ट्रेलरलाही तेच लावलं. उतारावर तापलेली चाकं थेट पाण्यात. गरम हब एकदम निवला की रबरी सीलमधून पाणी आत ओढून घेतो. ग्रीसच्या मागे काय गंजतंय, ते कोणाला दिसणार?

दुसऱ्या वर्षी श्रावणात, भर दुपारी, पलीकडच्या पाड्यावरचा भगीरथ डोंगराला वळसा घालून धावत आला. कमळूच्या बायकोला, हिरीला, तिकडच्या भातखाचरात साप चावला होता. कमळूने जीप काढली. उतारावर ट्रेलरचं डावं चाक जाम झालं आणि होडीसकट सगळं आडवं झालं. आठ जणांनी होडी खांद्यावर घेतली आणि दीड मैल चालले. पलीकडे पोचले तेव्हा हिरी गेली होती.

तिचे दिवस झाल्यावर कमळू तो हब गोणपाटात गुंडाळून दुकानात आला. मी उघडला. बेअरिंग गंजून लाल, ग्रीसचा नुसता चिखल.

"दादा, मी चाकं पान्यात ठेवायचो. त्याच्यानंच झालं ना?"

काच असती तर तुला महिन्याभरात कळलं असतं, आणि काच मीच बसवली नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती. मी खाली मान घालून बेअरिंग पुसत राहिलो. चूक आपलीच, असं त्याने समजून घेतलं.

नवे हब काचेचेच बसवले. आता तो पाण्याकाठी जीप थांबवतो आणि हब निवेपर्यंत त्यावर हात ठेवून बसतो. पलीकडून लोक हाका मारतात, तरी उठत नाही. दर मे महिन्यात ट्रेलर माझ्याकडे दाखवायला आणतो, फडक्याने काच पुसतो आणि म्हणतो, "बघ दादा, एक थेंब नाय गेला आत."

तेल खरंच भरलं त्या दिवशीसारखं स्वच्छ असतं. मी वाकून बघतो आणि बरं म्हणतो.