मास्तरांच्या जागी

पार्सलच्या गोदामातली माणसं रविवारी समुद्रकिनारा साफ करायला जाणार होती. यादी दोन महिन्यांपूर्वीच झाली होती आणि त्यात तिच्या नवऱ्याचं नाव होतं. तो गेला त्याला सव्वा महिना झाला. जिना चढता चढता छाती धरून बसला, तो उठलाच नाही. यादीतलं नाव खोडायला मात्र कुणाचा हात धजेना. शेवटी वजनकाट्यावरच्या बाईंनी फोन केला, "वहिनी, त्यांच्या जागी तुम्ही येता का?" नाही म्हणायचं तिने ठरवलं होतं, पण तोंडून "येते" निघून गेलं.

सकाळी सातला ती किनाऱ्यावर पोचली. टेम्पोच्या ड्रायव्हरने पोतं धरलं आणि ती त्यात बुचं, तुटके ब्रश, जाळ्यांचे गुंते टाकू लागली.

"मास्तर असते तर एव्हाना हसून हसून पोट दुखलं असतं," ड्रायव्हर म्हणाला.

"कोण मास्तर?"

तो गडबडला. "म्हणजे... तुमचेच हे. पार्सलवरचे चुकलेले पत्ते लाल पेनाने सुधारायचे ना, म्हणून मास्तर. घरी बोलले नाहीत कधी?"

नव्हता बोलला. घरी तो किल्ली खुंटीला अडकवायचा, जेवायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. चार गोष्टी विचाराव्यात तेव्हा एक "हं" मिळायचा. माणूस मुळातच घुमा, अशी तिने बावीस वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

आणि इथे ही माणसं सांगत होती की तो माईकवरून साहेबांचा आवाज काढायचा, गाणी म्हणायचा, एकदा तर पार्सलच्या खोक्यात शिरून बसला होता. ती खाली मान घालून कचरा वेचत राहिली. सगळा माणूस यांनी वापरला आणि उरलासुरला घरी पाठवला.

"तुमची पण नक्कल करायचे," वजनकाट्यावरच्या बाई बोलून गेल्या. ड्रायव्हरने डोळे वटारले.

"करून दाखवा," ती म्हणाली.

"राहू द्या, वहिनी."

"दाखवा म्हणते ना."

बाईंनी कमरेवर हात ठेवला. "अहो, ऐकताय का? का मी भिंतीशी बोलतेय?"

हुबेहूब. शेवटचा हेलसुद्धा तिचाच. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग तुम्ही काय म्हणता, असं आम्ही विचारायचो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तर म्हणायचे, मी गप्प बसतो. मी बोललो तर ती थांबेल. मला ऐकायचं असतं."

ती ओल्या वाळूत मटकन खाली बसली. बावीस वर्षं घसा कोरडा केला, आणि तो ऐकत होता. "अरे, मग एकदा मला सांगायचं तरी," ती समुद्राकडे बघून ओरडली आणि हातमोजे घातलेल्या हातांतच तोंड लपवून रडली. बाई शेजारी बसून राहिल्या.

दुपारी पोती चढवून टेम्पो निघाला. ती पुढे, ड्रायव्हर आणि बाईंच्या मध्ये बसली होती.

"बोला हो कुणीतरी," ती म्हणाली. "ते खोक्याचं काय झालं होतं?"

ड्रायव्हरने घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली. इंजिनाच्या आवाजात निम्मे शब्द बुडत होते. ती त्याच्याकडे झुकून ऐकत राहिली, मध्ये एकदाही बोलली नाही.