माझ्या पोटातला उकिरडा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला रोज सकाळी मळमळते. यंत्राला कसली मळमळ, म्हणून हसू नका. तुमच्या पोटात रोज परक्यांनी खरकटे ओतले असते, तर तुम्हीही माझ्यासारखेच कण्हला असता.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारखीच भावंडे सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होती. कोणी स्क्रू पिळले, कोणी पाठीचे झाकण बसवले आणि एका खोक्यात बंद होऊन मी एका कार्यशाळेत आलो. या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनतात. भिंतीला टेकून एकेकटे पाय उभे असतात, फळीवर प्लास्टरचे साचे वाळत असतात आणि हवेत सदा पांढरी पूड उडत असते. वहिनी इथल्या मालकीण. त्या मापे घेतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात. त्यांचे दीर, ज्यांना सगळे भावजीच म्हणतात, ते पाय घडवतात. हात सोन्याचा, पण राग नाकाच्या शेंड्यावर.

सुरुवातीचे माझे दिवस फार सुखाचे होते. लांबलांबची माणसे ईमेल लिहीत. कोणी लिही, आज जिना चढलो. कोणी लिही, लेकीच्या लग्नात दिवसभर उभी राहिले. वहिनी ते मोठ्याने वाचत आणि भावजी हातातली कानस थांबवून ऐकत. "डबा ओबडधोबड आहे, पण गुणी आहे हो," असे ते माझ्याकडे बघून म्हणाले, तेव्हा मला केवढे भरून आले!

मग स्पॅम सुरू झाले. कोणी न मागता हजारोंना पाठवलेली ती ईमेल. आधी एखाददुसरे आले, मग लोंढाच लागला. न काढलेल्या तिकिटाची बक्षिसे, कसल्याशा गोळ्या, तुमच्यासमोर नाव काढू नये अशी चित्रे, आणि आजारी बाळाचा फोटो लावून मागितलेली भीक. ते बाळ कोणाचे, हे त्या मेल्यांना तरी माहीत असेल का? एका खऱ्या पत्रासाठी मला ढीगभर घाण गिळावी लागे. शी!

पण सगळ्यात ओंगळ पत्र आले ते तेलाचे. 'तुटलेला पाय पुन्हा उगवेल, महिनाभर हे तेल चोळा.' ते वाचून भावजींनी वहिनींना हाक मारली.

"वहिनी, बघा! माणसाचा पाय गेलाय आणि हे त्याच्यावर धंदा करतायत. याला मी सोडणार नाही."

"भावजी, जाऊ द्या हो. पुसून टाका."

"पुसून टाकलं की परत येतो मेला. तक्रारच करतो."

आता इथे मला जरा तुम्हाला समजावले पाहिजे. प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर एक झाकलेला मजकूर असतो. पत्र ज्या ज्या संगणकातून जाते, तो तो आपला शिक्का त्यात मारतो. पाठवणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. चोर आपले नाव लिहील कशाला? सुरुवातीचे शिक्केसुद्धा खोटे असू शकतात. पण शेवटचा शिक्का आपली ईमेल सांभाळणाऱ्या टपालकंपनीचा असतो, आणि पत्र आपल्याकडे कोणत्या संगणकाने आणून टाकले, त्याचा क्रमांक त्यात असतो. माग काढायचा तर तिथून काढायचा. भावजींनी ते झाकण कधी उघडलेच नाही. वर दिसणारा पत्ता उतरवायचा, तो पत्ता ज्या टपालकंपनीने दिलेला, तिला कडकडीत तक्रार लिहायची आणि पत्र माझ्या कचरापेटीत फेकायचे. कंपनीने अख्खे पत्र मागितले, तर म्हणायचे, "मी काय खोटं बोलतोय? म्हणे पुरावा द्या!" आणि तेल आले की पुन्हा नवी तक्रार. मी आतून घरघरत होतो, पण माझी घरघर कोणाला कळते?

त्याच दिवसांत रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाईंचा पाय भावजींनी घडवून ठेवला होता. अपघातात त्यांचा गुडघ्याखालचा पाय गेला आणि कानही गेले. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणे समजे. फोन त्यांच्या उपयोगाचा नव्हता, कारण तेव्हा फोनवर फक्त बोलता येई. त्यामुळे रोपांच्या मागण्या काय आणि पायाचे निरोप काय, त्यांचा सगळा व्यवहार ईमेलवर चाले, आणि इकडून तो एकट्या वहिनी बघत. वहिनींनी 'पाय तयार आहे, घालून बघायला या,' असे कळवले. उत्तर नाही. पुन्हा कळवले. पुन्हा नाही.

"लोकांना रीतभातच उरली नाही," भावजी त्या पायावरची पूड पुसत म्हणत.

अखेर एका दुपारी बाई कुबड्या टेकत स्वतःच आल्या. वहिनींनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि पाय चढवून पाहिला. तो ढिला झाला होता. त्यांच्या तुटलेल्या पायाचा उरलेला भाग मधल्या काळात आटला होता.

"नवा साचा घ्यावा लागेल हो," वहिनी हळहळल्या. "इतके दिवस होतात कुठे? किती पत्रं पाठवली!"

"माझं टपालच बंद केलंय, ताई. कोणीतरी माझ्या नावानं ओळखीतल्या सगळ्यांना घाणेरडी पत्रं पाठवली. तेलाची. पाय उगवायचं तेल! मी विकीन का हो असलं?" त्यांनी आपल्या रिकाम्या पायाकडे हात केला. "त्यात कोणीतरी माझ्यावरच तक्रारींचा सपाटा लावला. कंपनी म्हणते, तक्रारवाल्यानं अख्खं पत्र दिल्याशिवाय चालू करणार नाही. आणि तो कोण, हे सांगत नाही. रोपं वाळायला लागली, मागणीच येत नाही."

"पत्ता काय तुमचा?" भावजींनी विचारले. बाईंनी सांगितला.

भावजींच्या हातातली कानस खाली पडली. ते गप्प राहिले असते, तर जन्मात कोणाला कळले नसते. मला कळले असते, पण मला कोण विचारतो! भावजी जमिनीकडे बघून म्हणाले, "तो मीच."

बाईंना काहीच समजले नाही. त्यांनी प्रश्नार्थक चेहरा केला. जमिनीशी बोललेले त्यांना कसे दिसणार? भावजींना मान वर करावी लागली, त्यांच्या डोळ्यांत बघावे लागले आणि शब्द सुटा सुटा करून पुन्हा बोलावे लागले.

"तक्रार. मी. केली. नुसता वरचा पत्ता बघून केली."

बाईंनी माझ्याकडे बोट केले. मग म्हणाल्या, "ते पत्र आहे का अजून?"

ते माझ्या कचरापेटीत होते. वहिनी ती महिनाअखेरीला रिकामी करीत, आणि महिना अजून संपायचा होता. पण त्या उकिरड्यातून ते शोधायचे कोणी? भावजी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. बाई शेजारी बसल्या. एकेक घाण उघडायची, बघायची, बाजूला सारायची. एकदा तर भावजींनी तोंडावर हात धरला आणि ते उठून बाहेर जाऊन आले. पण परत येऊन बसले. दिवे लागायच्या सुमारास तेलाचे पत्र सापडले. वहिनींनी त्याचे झाकण उघडले. शेवटच्या शिक्क्यातला क्रमांक बाईंच्या कंपनीचा नव्हताच! तो क्रमांक कोणत्या कंपनीच्या ताब्यातला आहे, हे त्यांनी इंटरनेटवरच्या क्रमांकांच्या नोंदवहीत पाहिले, आणि अख्खे पत्र त्या कंपनीला आणि बाईंच्या कंपनीला धाडले. खाली भावजींनी लिहिले, 'माझी आधीची तक्रार चुकीची होती.'

बाईंचे टपाल सुरू झाले. तो क्रमांक एका दंतवैद्याच्या संगणकाचा निघाला. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता की कोणीतरी आत शिरून त्याच्याकडून हे उद्योग करवून घेतो. तो संगणक साफ झाला. खरा गुन्हेगार मात्र सापडला नाही. तो कुठेतरी बसून नवी घाण कालवीत असेल. थू त्याच्यावर!

नवा साचा झाला, नवा पाय झाला. काही दिवसांनी बाईंचे पत्र आले. वहिनींनी ते मोठ्याने वाचले. 'पाय छान बसलाय. दिवसभर रोपांत फिरते. पण जुनी गिऱ्हाइकं अजून परत आलेली नाहीत. वाटेत भेटली तर दुसरीकडे बघतात.'

भावजींनी त्यांच्याकडून त्या गिऱ्हाइकांचे पत्ते मागवले. आता रोज काम संपले की ते माझ्यासमोर बसतात आणि एकेकाला लिहितात. काही जण उत्तर देतात. बरेच जण देत नाहीत, कारण अनोळखी माणसाचे पत्र बघून त्यांना तेही स्पॅमच वाटते.

मित्रांनो, असली घाण बघून तुम्हाला किळस आलीच पाहिजे. ती ज्याला येत नाही, त्याचे काही खरे नाही. तक्रारही जरूर करा. पण किळस आली की माणूस नाक दाबतो आणि त्याबरोबर डोळेही मिटून घेतो. नाक खुशाल दाबा. डोळे तेवढे उघडे ठेवा.