विलायती डब्यातला नैवेद्य

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. माझं झाकण आता नीट बसत नाही, कडांना गंज धरलाय आणि पोटात वाकडे खिळे भरलेत. पण एके काळी माझा तोरा बघायला हवा होता! सातासमुद्रापार एका कारखान्यात मी जन्मलो. अंगावर निळा रंग, झाकणावर धावणारा कुत्रा आणि पोटात खास कुत्र्यांसाठी केलेली हाडाच्या आकाराची बिस्किटं. असा नटूनथटून मी बोटीत बसलो.

बोटीवर नोकरी करणाऱ्या वसंतरावांनी मला वैशाखात जयपूरला आणलं. तिथल्या छावणीत त्यांची बहीण मालन राहायची. तिचा नवरा हणमंतराव फौजेत सुभेदार. साताऱ्याकडची माणसं, कुलदैवत खंडोबा. घरात आठ वर्षांची शालिनी आणि तिची झिपरी नावाची कुत्री. डोळ्यांवर झुलपं असलेली, भारी मायाळू. शालू शाळेतून आली की झिपरी फाटकापर्यंत धावत जाऊन पायाशी लोळण घ्यायची.

वसंतराव जाताना म्हणाले, "अक्का, झाकण उघडलंस की बिस्किटं लवकर संपव बरं का."

"संपवू कशाला?" मालन म्हणाली. "इलायतेची चीज हाय. चंपाषष्ठीला देवाच्या नावानं घालीन तिला."

त्यांच्या घरी रीतच होती. मार्गशीर्षात खंडोबाचं नवरात्र बसलं, की रोज पहिला घास कुत्र्याला. कुत्रं खंडोबाचं. त्यानं खाल्लं की देवाला पावलं, मगच घरच्यांनी जेवायचं. चांगली रीत होती, मी नावं ठेवत नाही. पण चंपाषष्ठी कुठं नि वैशाख कुठं!

मालननं मला पाण्याच्या माठाशेजारी फळीवर ठेवलं. पावसाळ्यात शेजारणी आल्या की मला खाली काढायची, झाकण उघडून दाखवायची. बाया वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अगंबाई, आपल्या बिस्किटांपेक्षा खमंग!" मी फुगून जायचो. दर वेळी आत ओलसर हवा शिरत होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला मात्र कळलं. तळाशी आधी पांढुरकं काहीतरी उगवलं, मग ते हिरवं झालं. वरची बिस्किटं तेवढी दिसायला ठीक होती. डब्याला तोंड असून बोलता येत नाही, मित्रांनो, याचं दुःख मला त्या दिवसांत कळलं.

त्यातच लढाई पेटली. हणमंतराव सरहद्दीवर गेले. पुढं लढाई थांबली, पण माणूस काही घरी आला नाही. पत्र यायचं, तेही फार दिवसांनी. मालन देवासमोर उभी राहून पुटपुटायची, "मल्हारी, माझा धनी सुखरूप आण. तुझ्या कुत्र्याला घरातलं सगळ्यात चांगलं घालीन."

घरातलं सगळ्यात चांगलं म्हणजे मी! अंगावर काटा आला माझ्या.

नवरात्र बसलं. घट मांडला, दिवा लागला. मालननं पितळी ताटलीत दोन बिस्किटं ठेवली, वर भंडाऱ्याची चिमूट टाकली आणि झिपरीपुढे सरकवली. झिपरीनं नाक लावलं. एक पाऊल मागं गेली. तोंड फिरवलं.

शाबास पोरी, मी मनात म्हटलं.

मालनचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "खा गं बाई. असं करू नये. देव पाठ फिरवतोय का काय आमच्याकडं?"

"आई, तिला नकोय ते," शालू म्हणाली. "मतलब, तिला आवडतच नाहीये."

"गप! तुझे बाबा तिकडं उघड्यावर पडल्यात. तू दे तिला. तुझ्या हातचं खाईल ती."

शालू खाली बसली. तिनं बिस्किटाचा तुकडा तळहातावर घेतला आणि झिपरीचे कान कुरवाळले. "खा ना, झिपरी. बाबांसाठी." झिपरीनं एकदा बिस्किटाकडे पाहिलं, एकदा शालूकडे. मग तिनं ते खाल्लं. बिस्किटावर विश्वास ठेवून नव्हे हो, शालूवर ठेवून.

मालननं हात जोडले. मग रोज तसंच झालं. रोज शालूच्या हातून बिस्किटं. झिपरी सुस्तावली. भाकरीला तोंड लावेना, नुसतं पाणी पीत राहिली. एका सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले. "भंडारा उतरलाय डोळ्यांत," मालन भक्तिभावानं म्हणाली. "देव आला तिच्यात."

देव कसला! विष होतं ते. पण माझं कोण ऐकणार?

चंपाषष्ठीला छावणीतल्या मराठी जवानांनी अंगणात तळी भरली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडारा उधळला. झिपरी कोपऱ्यात पडून होती. शालूनं हाक मारली तेव्हा तिनं शेपटी एकदाच हलवली. दिवेलागणीला ती गेली.

दुसऱ्या दिवशी उरलेली बिस्किटं गल्लीतल्या कुत्र्यांना प्रसाद म्हणून घालायला मालननं मला उन्हात पालथं केलं. तळातला हिरवा थर तिच्या ओंजळीत आला आणि तो कुबट वास सुटला. ती मटकन खाली बसली. शालू मागेच उभी होती. तिनंही पाहिलं. पोर रडली नाही. फक्त तेव्हापासून सारखे हात धुवायला लागली. साबण लावून लावून कातडी सोलून निघाली, तरी धूतच राहायची. कुणाशी धड बोलेना, जेवताना घास तोंडाशी नेऊन परत ठेवायची. हे असंच चाललं तर पोर हातची जाईल, या भीतीनं मालनला झोप नव्हती.

थंडी सरता सरता हणमंतराव परत आले. दारातच त्यांनी विचारलं, "झिपरी कुठाय?"

शालूनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. तिनं तोंड उघडण्याआधीच मालन पुढं झाली.

"मी मारलं तिला. नासकं खायला घातलं. शालूनं दिलेलं समदं थुंकून टाकायची ती. पोर आत गेली की मी जबरदस्तीनं चारायची."

शालू आईकडे बघत राहिली. "सच्ची, आई?"

"खंडोबाची आण," मालन म्हणाली.

कुत्र्यानं तोंड फिरवलं म्हणून देवाच्या कोपाला घाबरणारी ती बाई, मित्रांनो! तिनं त्याच देवाची खोटी शपथ घेतली. माझ्यासमोर घेतली. एकही तुकडा थुंकला नव्हता झिपरीनं. शालूचे हात हळूहळू पाठीमागून पुढं आले आणि ती बाबांच्या गळ्यात पडून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

मग माझ्यात खिळे भरले गेले. माझी तक्रार नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की परदेशातून आलंय, डबा देखणा आहे, म्हणून मुक्या जिवापुढे काहीही ठेवू नका. आधी झाकण उघडून तळापर्यंत बघा, वास घ्या. आणि त्यानं तोंड फिरवलं तर त्याचं ऐका. तुम्ही प्रेमानं पुढं केलंत तर तो खाईल हो, नक्की खाईल.