दोन पुलांपलीकडचा मित्र

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलेलीच नसेल. मी एक जुनी साइडकार आहे. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला जोडलेलं, एका चाकावर चालणारं, छोट्या होडीसारखं आसन, ते म्हणजे मी. मला इंजिन नाही, ब्रेक नाही. मोटारसायकल जाईल तिकडे मी जायचं. माझ्यात बसणाऱ्याचंही तेच. म्हणून माझ्यात बसायला भरवसा लागतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारागिराने आपल्या शेडमध्ये मला घडवलं. सांगाडा पाइपचा, अंगावरचा पत्रा कपाटांतून उरलेला, चाक एका भंगारातल्या स्कूटरचं. मला करून घेणारा माणूस दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून त्याच्याकडे लोकांच्या जबड्यांचे साचे येत आणि तो आपल्या खोलीएवढ्या कार्यशाळेत बसून त्यांवर दात बसवत असे. बसणाऱ्याला धरायला माझ्या काठावर एक मूठ आहे. ती त्याने कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी प्लॅस्टिकची स्वतः केली. आजही मुलं ती पाहून फिदीफिदी हसतात. हसू द्या. तिच्यावरून एका माणसाचा हात किती वेळा फिरला, ते त्यांना कुठे ठाऊक आहे!

तो माणूस म्हणजे ड्रायव्हर. शहरातल्या बसगाड्या चालवणारा.

दोघांची ओळख कशी झाली ते मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ आहे. भर चौकात कवळीवाल्याची मोटारसायकल बंद पडली, नेमकी ड्रायव्हरच्या बसपुढे. मागे भोंग्यांचा गोंगाट. ड्रायव्हर तावातावाने खाली उतरला. सगळ्यांना वाटलं, आता हा कानाखाली देणार. त्याने मात्र गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, माझ्याकडेही हीच आहे. सरक बाजूला." बसमधले प्रवासी खिडक्यांतून ओरडत होते आणि हा शांतपणे प्लग काढून पुसत होता. गाडी सुरू झाली. "रविवारी काय करतोस?" त्याने विचारलं. "काही नाही," कवळीवाला म्हणाला. "मग ये."

शहरात मैत्री अशीच होते, मित्रांनो. माणसाला माणसाचं घर माहीत नसतं, पण गाडीचा आवाज ओळखीचा असतो. दर रविवारी सकाळी दोघे आपापल्या मोटारसायकली घेऊन फिरायला निघत. आणि वर्षाअखेरच्या सुट्ट्या लागल्या की रोज. ते दिवस त्यांचे खास लाडके. ज्यांना कुठे जायचं असतं ते सगळे निघून जातात, कचेऱ्यांना कुलपं लागतात, दुकानांवर दिव्यांच्या माळा लुकलुकतात आणि एरवी मुंगीला शिरायला जागा नसलेले रस्ते मोकळे होतात. ज्यांना कुठे जायचं नसतं त्यांच्या वाट्याला मग अख्खं शहर येतं.

पण पुढे ड्रायव्हरची नजर अधू होऊ लागली. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही पुसट झालं. बस चालवणं सुटलं. मोटारसायकल त्याने विकून टाकली आणि कवळीवाल्याला निरोप दिला, "आता येऊ नकोस. माझं फिरणं संपलं."

कवळीवाल्याने ते मानलं नाही. तो कपाटवाल्याच्या शेडमध्ये गेला. आणि एका रविवारी मला जोडून थेट ड्रायव्हरच्या फाटकाशी येऊन त्याने भोंगा वाजवला.

ड्रायव्हर चाचपडत खाली आला. त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला, काठ चाचपला, आणि त्याला कळलं.

"हे काय आणलंस?"

"तुझी जागा."

"मी जन्मभर बस हाकली रे. आता मला भाजीसारखं टोपलीत घालून नेणार तू?"

"जन्मभर मागचे लोक तुझ्यावर ओरडले ना? आता तू बस आणि माझ्यावर ओरड."

ड्रायव्हरने पुन्हा एकदा माझा काठ चाचपला. मग बसला. त्याने बाहीने डोळे पुसले ते मला कळलं, पण कवळीवाला मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिला.

माझी सुखाची वर्षं ती. ड्रायव्हरला दिसत नव्हतं, पण शहराचा प्रत्येक वळणरस्ता त्याच्या अंगात होता. "हळू, पुढं शाळा आहे." "आता उतार लागेल." कवळीवाला त्याला फसवायला मुद्दाम भलत्याच गल्लीत वळे आणि हा लगेच ओरडे, "चुकलास गाढवा, हा दवाखान्याचा रस्ता!" सिग्नलला थांबलो की ड्रायव्हर म्हणे, "सांग, काय दिसतंय?" कवळीवाल्याला सगळ्या जगात फक्त दातच दिसत. "कोपऱ्यावर एक बाई हसतेय. वरची कवळी सैल आहे, आत्ता पडेल." दोघं इतके हसत की माझा पत्रा खडखडे.

परतताना कवळीवाला दर वेळी म्हणे, "एकदा घरी जेवायला ये. बायकोला तुझ्याबद्दल सांगून सांगून तिचे कान किटले." ड्रायव्हर म्हणे, "येऊ की एकदा." पण कवळीवाल्याची बायको रविवारी आणि सुट्टीत आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आईकडे जात असे, आणि ते 'एकदा' काही उगवलं नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की ड्रायव्हर दोन पुलांपलीकडे राहतो. ड्रायव्हरजवळ कार्यशाळेतल्या फोनचा नंबर तेवढा होता. खिशात फोन वाजलेला कवळीवाल्याला खपत नसे.

त्या वर्षी दुकानांवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. सुट्ट्या अगदी तोंडावर आल्या होत्या. आदल्याच रविवारी दोघांचं ठरलं होतं की सुट्टीच्या पहिल्या सकाळी समुद्राकडे जायचं. आणि एका दुपारी कवळीवाला काम करता करता टेबलावर डोकं ठेवून बसला, तो उठलाच नाही.

मी इमारतीच्या खाली, गाड्या लावतात तिथे उभी होते. त्याला आणलं ते मी पाहिलं. नेलं तेही पाहिलं. इमारत जवळजवळ रिकामी झाली होती, शेजारीपाजारी सुट्टीसाठी गावाला. खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी पहारेकरी आला, दूधवाला आला, शववाहिनीबरोबर आलेल्या दोघांनी हात दिला. त्याची बायको पुन्हापुन्हा रस्त्याकडे पाहत होती. मला ठाऊक होतं ती कुणाची वाट पाहत होती. मला त्याचं घर ठाऊक होतं. दोन पूल ओलांडून डावीकडे, गिरणीच्या शेजारचं लोखंडी फाटक. पण मला जीभ नव्हती, मित्रांनो. माझ्या जन्मात मला त्या एका दिवशी बोलता यायला हवं होतं.

त्यानंतर माझ्यावर आणि मोटारसायकलवर एक ताडपत्री पडली. आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. टायरमधली हवा गेली. माझ्या गादीवर एका मांजरीने पिल्लं घातली, ती मोठी होऊन निघूनही गेली. आम्ही मात्र जागचे हललो नाही. पुढच्या सुट्ट्या जवळ आल्या तेव्हा ताडपत्री निघाली. कवळीवाल्याच्या बायकोने आम्हाला विकलं होतं. घेणारी बाई बेकरी चालवायची. पावाचे क्रेट घरोघरी, दुकानोदुकानी पोचवायला तिला साइडकारचीच गाडी हवी होती. "हे गेले," कवळीवाल्याची बायको तिला म्हणाली, "आता खाली उतरलं की ही गाडी दिसते आणि पुढं पाऊल टाकवत नाही." बेकरीवालीने तिचा हात हातात धरला आणि आम्हाला घेऊन गेली. नवीन टायर, नवीन साखळी. ताज्या पावाचा ऊबदार वास माझ्या गादीत मुरला. मी पुन्हा कामाला लागले.

आणि सुट्ट्यांतल्या एका सकाळी आम्ही दोन पूल ओलांडून डावीकडे वळलो.

गिरणीसमोरच्या इमारतीत पाव द्यायचे होते. थंडीत गाडी पुन्हा लवकर सुरू होत नाही, म्हणून बेकरीवालीने इंजिन चालू ठेवलं आणि शेवटचा क्रेट उचलून ती वर गेली. मी रिकामी होते. इंजिन धडधडत होतं. तेवढ्यात समोरचं फाटक करकरलं.

ड्रायव्हर होता. पायात सपाता, अंगात घरातला सदरा. काठी टेकत तो जवळजवळ धावतच आला. हात पुढे करून त्याने माझा काठ शोधला, मूठ सापडली. ती त्याने गच्च धरली. मग एक पाय आत टाकून तो नेहमीसारखा बसला.

"वर्षभर कुठं मेला होतास?" तो ओरडला. "सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळपासून फाटकात उभा होतो मी. फोन केले, कुणी उचलेना. लेक म्हणाली, बाबा, मी जाऊन शोधते. मी म्हटलं, नको. त्याला यायचं असतं तर आला असता." मुठीवरून त्याचा अंगठा फिरत राहिला. "मला वाटलं, तू कंटाळलास. आंधळ्याला कोण किती दिवस वाहणार? तुझंही बरोबरच आहे म्हणा. पण सांगायचं तरी रे. तोंडावर सांगितलं असतंस तर मला एवढं लागलं नसतं. जाऊ दे. आलास ना? पाव घेतलेस वाटतं, वास येतोय."

बेकरीवाली रिकामा क्रेट छातीशी धरून मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. काय करावं ते तिला सुचेना. क्रेट खाली ठेवून ती हळूच गाडीच्या सीटवर टेकली. गाडी हलली. ड्रायव्हर पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "चल आता. समुद्राकडं घे."

"काका," ती म्हणाली.

बाईचा आवाज ऐकताच त्याचा हात मुठीवर जागच्या जागी थांबला.

"काका, ही गाडी मी विकत घेतली. ज्यांची होती ते... ते गेले, काका."

"कुठं गेले?"

 ती रडत होती. तेच उत्तर होतं.

"कधी?" त्याने विचारलं.

"गेल्या वर्षी. सुट्ट्या लागायच्या आदल्या आठवड्यात."

ड्रायव्हरने मूठ सोडली. मग आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणजे मी फाटकात उभा होतो, तेव्हा तो नव्हताच." आणि थोड्या वेळाने, "मी वर्षभर त्याला शिव्या घालत होतो." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "इंजिन बंद कर, पोरी. हा आवाज मला ऐकवत नाही."

तिने चावी फिरवली. रस्त्यावर एकदम शांतता झाली.

मग त्याने तिला विनवलं, "मला त्याच्या घरी नेशील?" आवाज ऐकून लेक खाली आली होती. ती मागे बसली आणि आम्ही निघालो.  शाळा आली, उतार आला, ड्रायव्हरने काही सांगितलं नाही.

आमची गाडी त्या इमारतीखाली शिरली तोच जिन्यावर धावती पावलं वाजली. कवळीवाल्याची बायको अनवाणी खाली आली होती. गाडीचा आवाज ऐकून आली होती. आम्हाला पाहिल्यावर तिच्या चेहऱ्यावरचं जे विझलं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. क्षणभर तिलाही वाटलं असावं, की हे आले.

मग तिची नजर माझ्यात बसलेल्या माणसाकडे गेली.

"तुम्ही ड्रायव्हर," ती म्हणाली.

"वहिनी..."

"खूप वाट पाहिली तुमची." तिचा स्वर कडू होता. "खांदा द्यायला माणसं नव्हती. मी म्हणत होते, थांबा जरा, ह्यांचा मित्र येईल. दर रविवारी तुमच्याबरोबर असायचे. मला वाटलं, बातमी कुणीतरी पोचवलीच असेल. एवढा जिवाभावाचा, आणि शेवटचं यायलाही सवड नाही झाली!"

"मला कुणी सांगितलंच नाही, वहिनी. मला आज कळलं. आत्ता."

 ड्रायव्हरच्या लेकीने सांगितलं, "बाबा दर रविवारी कपडे करून बसायचे. मला वाटायचं, विसरतील. बाबा रुसले होते त्यांच्यावर."

"आणि मी तुमच्यावर," कवळीवाल्याची बायको म्हणाली, आणि जिन्याच्या पायरीवर बसून तिने पदर तोंडात कोंबला.

दोन माणसं, एकाच माणसासाठी वर्षभर एकेकटी झुरत राहिली. मध्ये फक्त दोन पूल होते. जवळ असती तर एकमेकांना सांगून हसली असती, रडली असती. त्यांना ते दुःखही वाटून घेता आलं नाही.

ती दोघं आणि लेक वर गेली. दिवाणखान्यात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, मी खालीच होते. खूप उशिरा ड्रायव्हर लेकीचा हात धरून उतरला. बेकरीवाली म्हणाली, "काका, बसा, सोडते." तो माझ्याजवळ आला, काठावर हात ठेवून थांबला आणि मान हलवून म्हणाला, "नको गं. आता ह्यात बसवत नाही." लेकीने टॅक्सी बोलावली.

आता कवळीवाल्याची बायको अधूनमधून दोन पूल ओलांडून त्यांच्याकडे जाते, असं बेकरीवाली कुणाला तरी सांगत होती. चांगलं झालं. पण जे वर्ष गेलं ते गेलं. मी रोज पाव वाहते. गिरणीजवळच्या वळणावर बेकरीवाली मुद्दाम वेग कमी करते, भोंगा वाजवते. वरच्या खिडकीत ड्रायव्हर उभा असतो. तो हात वर करतो. खाली येत नाही.

मित्रांनो, माझा पत्रा गंजला तर कुणी रंग देईल, चाक झिजलं तर बदलेल. माझी काळजी करू नका. तुमच्या मित्रांची करा. ज्याच्याबरोबर रोज खेळता, फिरता, त्याचं घर एकदा पाहून या. त्याच्या आईला आपलं नाव सांगा, आपल्या आईला त्याचं सांगा. आणि एखाद्या दिवशी तो आला नाही, तर रुसून दारात उभे राहू नका. धावत जा आणि त्याचं दार वाजवा. तेव्हा ड्रायव्हर गेला असता, तर खांदा द्यायला नाही, पण निदान वहिनीबरोबर रडायला तरी पोचला असता.