पोरगी फाट्यावर उभी आहे

शिक्षा वाढली याचा बन्सीला एवढा अभिमान, की कायदा जणू त्यानेच करून आणला होता. "गाडीखाली माणूस मेलं तर पूर्वी दोन वर्षं व्हती, आता पाच," हे तो पाहुण्यांना सांगे, दूध घालायला गेला की डेअरीवर सांगे. "एक जण पाच वर्षं आत सडू द्या, बाकीचे आपोआप सुतासारखे सरळ होतेत." ऐकणारे माना डोलवत. ज्याची तरणीताठी पोरगी रस्त्यावर अपघातात गेली, त्याच्याशी हुज्जत कोण घालणार?

त्याची बायको आशाबाई भाकरी थापता थापता हे सगळं ऐकत असे. त्यांच्या योगिनीला जीपने उडवलं तेव्हा ड्रायव्हर अजिनाथ फोनवर बोलत होता, आणि तो फोन आशाबाईचा होता. हे बन्सीला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, पोलिसांनी तर तिच्याकडून लिहून घेतलं होतं. घरात मात्र कुणी त्या फोनचं नाव काढत नसे. बन्सी अजिनाथला शिव्या घालून मोकळा होई. आशाबाईला मोकळं व्हायला जागाच नव्हती.

गंगापूरकडून शहरात येणाऱ्या जीपगाड्यांची रीतच तशी. एसटीचा भरवसा नाही, जीप भरल्याशिवाय परवडत नाही. म्हणून घराघरात ड्रायव्हरांचे नंबर. निघताना फोन करायचा, "एक शीट धर." त्याने गाडी चालवता चालवता तो उचलायचा, कारण नाही उचलला तर गिऱ्हाईक मागच्या जीपला फोन लावतं. योगिनी शहरात कॉलेजला जायची. भलत्यासलत्या गाडीत, बाप्यांच्या गर्दीत पोरीने बसू नये, गावच्याच अजिनाथजवळ पुढची जागा मिळावी, एवढ्यासाठीच आशाबाईची सगळी धडपड. पोरगी घराबाहेर पडली की ती फोन लावी. "अजिनाथ, पोरगी फाट्यावर उभी हाय. तिला घेतल्याबिगर जाऊ नको."

त्या दिवशीही ती तेच बोलली. "व्हय काकू, पुढची जागा ठिवली," असं अजिनाथ म्हणाला आणि काहीतरी दाणकन आदळलं. मग माणसांचा ओरडा. आशाबाई आपली कितीतरी वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिली.

सरकारी वकीलबाईंना ही साक्ष म्हणजे घबाड वाटलं. "तुमच्याइतका पक्का साक्षीदार नाही. तो फोनवर होता हे तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय." बन्सीने बजावलं, "एक शब्द गाळू नको." आशाबाई कशाला गाळेल? अजिनाथला शिक्षा व्हावी असं तिलाही मनापासून वाटत होतं. त्याने रस्ता बघायला नको होता का? फक्त आपलं काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

तारखेला दोघं मोतीरामच्या जीपने निघाले. वाटेत मोतीरामचा फोन वाजला. त्याने एका हाताने स्टेअरिंग धरून तो कानाला लावला, आणि बन्सी मागून खेकसला.

"अरे, तुमचा माणूस कोर्टात उभा हाय! पाच वर्षं लागतेत त्याला! तरी लाज नाय?"

"भ्या लई वाटतंय, काका," मोतीराम आरशातून बघत म्हणाला. "पण पाच वर्षं लागली तर लागतेन. फोन नाय घेतला तर आजच गाडी रिकामी जातीय."

शेजारची म्हातारी बन्सीवरच उखडली. "गप बसा की हो. माझी सून म्होरं उभी हाय, तिचाच असंल."

कोर्टात अजिनाथ खाली मान घालून उभा होता, निम्म्याने वाळलेला. आशाबाईने सगळं सांगितलं, अजिनाथचं बोलणं, तो आवाज, ओरडा. मग त्याचा वकील उठला.

"तो गाडी चालवतोय हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"रोज फोन करायच्या?"

"रोज."

"त्याने नाही उचलला तर?"

"उचलस्तोवर लावायची."

वकील समाधानाने खाली बसला. आशाबाई मात्र पिंजरा सोडेना. कठडा घट्ट धरून ती न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, त्याला पाच वर्षं द्या, माझी ना नाय. पण माझं कलम कोणतं?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, तुमच्यावर केस नाही. साक्ष झाली तुमची. या आता." एका शिपाई बाईने दंडाला धरून तिला खाली उतरवलं. तिला तिथेच कुणीतरी बेड्या घालाव्यात असं वाटत होतं, आणि सगळे तिच्याशी फार मायेने वागत होते.

बाहेर बन्सीचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. "बेस बोललीस. जातोय आता आत. समद्यांना जरब बसंल बघ." आशाबाईला पायरीवर बसवून त्याने खिशातून फोन काढला.

"हां, मोतीराम, कुठवर आलास? आम्ही पंपाजवळ उभे राहतो. दोन शीट धर. पुढची ठिव, हिला गरगरतंय."

पलीकडून इंजिनाची घरघर आणि हॉर्न तिला खाली बसल्या बसल्या ऐकू आला.

"अवो, ठिवा तो फोन," ती ओरडली. "तो गाडी चालवतोय!"

बन्सीने फोनवर तळहात ठेवला आणि तिच्यावर डोळे वटारले.

"गप. जागा जाईल."