भांडखोर लिहा

"भांडखोर लिवायचं की सरळ," दिशा माझ्या कानाशी पुटपुटली. "ह्ये असलं अर्धवट कशापायी?"

शहाण्णव सालचा जून. इंदापूरहून बारामतीला येणाऱ्या एस.टी.त आम्ही मावशी-भाची एका बाकावर बसलो होतो. तिच्या मांडीवर शाळेनं दिलेला चारित्र्याचा दाखला. डी.एड.च्या प्रवेशाला नेलेला तो कागद तिथल्या कारकुनानं बोटाच्या टोकानं परत सरकवला होता. त्यावर इंग्रजीत होतं, 'हर कंडक्ट इज आर्ग्युएबल.'

"म्हणजे वर्तणूक वादग्रस्त," कारकून म्हणाला आणि दिशाकडं नको तसं बघितलं. सोमवारपर्यंत नवा दाखला आणा, नाहीतर जागा दुसरीला.

मुलीची वर्तणूक वादग्रस्त म्हटली की पुढचं लोक आपापल्या सोयीनं रचतात.

मी शाळेत सातवीपर्यंतच. इंग्रजी शिकले ते आमच्या जळोचीत ब्लाऊज शिवता शिवता, मशीनच्या फळीवर शब्दकोश उघडा ठेवून. अजूनही त्याच्या पानांतून टाचण्या निघतात. दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घातला आणि दिशाला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. शिपाई गेणूमामा दाराशी उभे होते.

"सर, जिच्यावर वाद होऊ शकतो ती गोष्ट आर्ग्युएबल. जी वाद घालते ती मुलगी आर्ग्युमेंटेटिव्ह. तुम्हाला कुठलं म्हणायचं होतं?"

सरांनी चष्मा पुसला. कोशाला हात लावला नाही. "दुसरं हो, बाई. आणा इकडं, 'गुड' करून देतो. मिटलं."

आपल्याला जागेशी मतलब. मी मान हलवलीसुद्धा.

"गुड नको," दिशा म्हणाली. "आर्ग्युमेंटेटिव्हच लिहा, सर. आणि वाद कशावरून घातला तेपण लिहा."

"गप की गं," मी तिचा दंड दाबला.

"कशावरून म्हणजे? शिस्तीवरून," सर म्हणाले.

"शनिवारची संडास धुवायची यादी, सर. मी एवढंच विचारलं, दर वेळी आमच्याच वस्तीतल्या मुली का?"

"तुमची वस्ती शाळेजवळ. सोय म्हणून."

"पायल देशमुख तर शाळेच्या भिंतीला लागून राहते. तिचं नाव कधीच नसतं."

सर खिडकीबाहेर बघू लागले. मी खाली बघितलं. पाचवीपासून दर शनिवारी मी हिचा गणवेश वेगळा धुतला होता, फिनेलचा वास जाईपर्यंत, आणि शाळेत येऊन एकदाही काही विचारलं नव्हतं. वस्तीत कुणीच विचारलं नव्हतं.

"लिहा, सर," दिशा म्हणाली. तिनं दाखला टेबलावर त्यांच्यापुढं सरकवला, कारकुनानं सरकवला होता तसाच, बोटाच्या टोकानं.

सरांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

गेणूमामा दार सोडून आत आले.

"यादी फळ्यावर मीच लिवत हुतो, सर," ते म्हणाले. "जात बघून नावं काढ, आसं तुमीच सांगितलं हुतं."