ड्रममध्ये बुडवलेली नळी

आमच्या वस्तीवर नळाचं पाणी जनावरांना घ्यायला बंदी होती. बंदी आली की माणसाला अक्कल फुटते. ड्रममध्ये पाणी पडताना आवाज होतो, आवाज झाला की शेजारीण भांडायला येते. म्हणून सगळे नळीचं टोक ड्रमच्या तळाशी सोडायचे. पंचायतीचा पाणी सोडणारा सोपान घसा कोरडा करायचा, "नळी वर बांधा. लाईट गेली की पाईप उलटं ओढतो, ड्रमातलं समदं लायनीत जातंय." वस्ती हसायची. पाणी कधी माघारी जातं का?

म्हस्कूआबा माझे शेजारी. वस्तीच्या वरच्या टोकाला, माळावर आमची घरं. कळप विकून थोडी मेंढरं उरली होती, पण आबांचा खरा जीव नातवावर. त्यांची लेक म्हाळसा वस्तीतच, खाली ओढ्याकाठी दिलेली. जेजुरीच्या पायऱ्या झिजवून तिला कितीतरी वर्षांनी बिरू झाला होता. नुकताच चालायला लागलेला तो पोरगा आजोबांच्या फेट्याशी खेळायचा आणि आबा खुळ्यासारखे हसायचे.

सत्त्याण्णवचा उन्हाळा होता. अंथुर्ण्याच्या बाजूला गॅस्ट्रोची साथ होती. सोपान दारोदार सांगून गेला, "पावडर जास्त टाकलीय. पाणी पांढरं दिसंल, वास यील. भिऊ नका, प्या."

त्या सकाळी आबांनी लोकर कातरलेली मेंढरं धुवायला काढली. ड्रममध्ये गोचिडाचं औषध ओतलं, वर नळाची नळी सोडली, नेहमीसारखी तळापर्यंत. ड्रम भरत आला आणि लाईट गेली. नळ तसाच ठेवून आबा मेंढरं आणायला गेले. परत येऊन बघतात तर ड्रम अर्धा.

"वयनी, माझं औषध कुणी नेलं?" आबा माझ्यावर ओरडले.

"मी काय मेंढरू हाय व्हय, तुमचं औषध न्यायला?" मीही सुनावलं.

ड्रमला कुठं भोक पडलंय का म्हणून आबांनी तो चाचपला. मग त्यांची नजर नळीवर गेली. तिथून नळावर, नळापासून खाली ओढ्याकडं. ते पळत सुटले. त्या वयाच्या माणसाला तसं पळताना बघून मीही मागं धावले.

म्हाळसा दारात हसत उभी होती. "आबा, बघा की! लाईट गेली तरी आमच्या नळाला पाणी हाय. नुसतं दुधावानी पांढरं. सोपानतात्यानं पावडर लई टाकलीय, वास मारतोय. मी बिरूला घोटभर पाजलं, साथ हाय न्हवं."

बिरू तिच्या मागं उंबऱ्यात आडवा झाला होता. तोंडाला फेस आलेला.

मिळेल त्या जीपनं आम्ही निघालो. इंदापूर यायच्या आधीच बिरू आईच्या मांडीवर गार पडला.

"ते औषध माझं हुतं, म्हाळसे," आबा जीपमध्येच म्हणाले. "माझ्याच नळीतनं गेलं." तिनं वर बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून ती बापाच्या दारात आली नाही, की नळाची चावी फिरवली नाही. लांबच्या विहिरीवरनं हंडे वाहते.

आबांनी मेंढरं विकली. पाणी सुटलं की ते घरोघर फिरतात, ड्रममधली नळी उपसतात आणि सुतळीनं वर बांधतात. पहिले काही दिवस दयेनं कुणी बोललं नाही. मग बायका वैतागल्या. म्हणे, आवाज होतो, सगळ्यांना कळतं. आता आबा पुढच्या दाराला गेले की मागं सुतळी सुटते. मेल्यांना एका लेकराचं मरण पुरलं नाही!

काल आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून कान देत होते. सगळ्या वस्तीला पाणी आलेलं होतं आणि एकाही घरातनं पाणी पडल्याचा आवाज येत नव्हता.